टाकी उन्हात ठेवली

आज माझ्या हातून एक जीव गेला. कुणाला तरी सांगायचं म्हणून इथं लिहितेय.

पुण्याला शिकायला जाताना लेक तिचा शंखातला खेकडा, त्याच्या वाळूच्या टाकीसकट, माझ्यावर सोपवून गेली. "आई, कात टाकायला तो वाळूत जाऊन बसतो. तेव्हा अजिबात हात लावायचा न्हाय हं."

महिनाभर तो वाळूतच होता. सकाळी वाळूवर पांढरी बुरशी दिसली. सासूबाई म्हणाल्या, "उन्हात ठेव की, जातीया." डाळी, गाद्या, सगळ्याला आमचं हेच औषध. मी काचेची टाकी गच्चीवर ठेवली.

दुपारी आणायला गेले तर काचेचा चटका बसला. घाबरून वाळू उकरली. नवं अंग अजून मऊच होतं. तो हलला नाही.

आत्ता लेकीचा मेसेज आलाय, "वर आला का गं?"

तो जिवंत होता तोवर मी हात लावला नव्हता, एवढंच खरं आहे. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?