हसण्याखालची अक्षरं

फ्रेमवाल्याच्या दुकानात उभं राहायचं ते पोट आत घेऊनच. एका भिंतीला काचा टेकलेल्या, दुसरीवर फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुन्याचे कोपरे टांगलेले, मधल्या टेबलावर लाकडाचा भुसा आणि त्या भुशात रुतून बसलेला जुना कॉम्प्युटर. माणूस मिशाळ, बोलका. गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय त्याचा हात चालायचा नाही. फोटो आला की तो आधी पुठ्ठ्याची चौकट त्यावर सरकवून बघायचा. कडेला कुणाचा तरी अर्धा हात असायचा, नाहीतर नको असलेला चुलता असायचा. चौकट बोटभर आत घेतली की चुलता गायब. "फोटो मुळात छान नसतोच," तो म्हणायचा, "झाकून छान करायचा असतो." या एकाच तत्त्वावर त्याचा धंदा चालला होता आणि सासुरवाडीही.

सासुरवाडीच्या प्रत्येक कार्यात हा हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन हजर. कॅसेट भरायची आणि खणात टाकायची. त्या कॅसेटी आजवर कुणी मागितल्या नव्हत्या. एका सकाळी मात्र सासूबाई स्वतः दुकानाची पायरी चढल्या.

सासूबाईंचे कान हळूहळू करत पार गेले होते. कानात घालायचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं होतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे खुणेनं, नाहीतर लिहून.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझ्या वाढदिवसाला जेवताना तुम्ही काहीतरी बोललात आणि सगळी माणसं ताटावर पडायच्या बेतात हसली. मीही हसले. सगळ्यांत जोरात मीच हसले असेन."

फ्रेमवाल्यानं मान डोलावली.

"कशाला हसले, ते मला अजून ठाऊक नाही."

त्यानं सुताराची पेन्सिल उचलली आणि पुठ्ठ्याचा तुकडा ओढला. सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "लिहून नको. विनोद असा हातात दिला की गार होतो. माणसं हसताना दिसली पाहिजेत. बातम्यांना खाली अक्षरं येतात ना, तशी आणा. आणि ती सीडीची चकती माझ्या टीव्हीखालच्या मशीनवर लागली पाहिजे. आत सरकवली की सुरू. मला ती बटणांची कुस्ती जमत नाही."

"करतो!" असं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यानं दाखवलं. त्या समाधानानं पायरी उतरल्या आणि मग याला आठवलं, आपण त्या दिवशी नेमकं काय बोललो होतो ते. त्यानं तो पुठ्ठा उलटा करून ठेवला.

पण शब्द दिला होता, आणि आधी प्रश्न होता तो सॉफ्टवेअरचा. साडूला कळायचा अवकाश, तो स्वतः चकती घेऊन आला. साडू गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला, जगातली प्रत्येक वस्तू त्यानं आधी वापरलेली. "हे टाका. सिनेमावाले हेच वापरतात." ते उघडेपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा. उघडलं की विमानात बसल्यासारखी बटणंच बटणं. कॉम्प्युटर गिरणीसारखा घरघरायला लागला आणि गप्प झाला.

दुसरं फुकटातलं होतं. फुकट होतं म्हणून त्यानं चित्राच्या बरोबर मध्यावर आपलं नाव छापलं. ते नेमकं सासूबाईंच्या कपाळावर आलं. पार्सलवर शिक्का मारावा तसं.

तिसऱ्याच्या मात्र तो प्रेमातच पडला. त्यात एका चित्रावरून दुसऱ्यावर जायच्या इतक्या तऱ्हा होत्या की मोजता मोजता दमायला व्हावं. पान उलटायचं, पडदा सरकायचा, बदामाच्या आकारातून मेहुणी बाहेर यायची, ताट फुटून साडू प्रकटायचा. यानं एकूण एक तऱ्हा वापरून टाकली. बायकोला दाखवलं तर तिनं खुर्चीचा हात धरला.

"अहो, हे जेवण आहे का जादूचे प्रयोग? मला गरगरायला लागलं."

"अगं, कला आहे ही."

"आणि अक्षरं कुठायत?"

अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आपली लिपी टाकली की त्या सॉफ्टवेअरची बोबडी वळायची. ज्यासाठी सगळा खटाटोप, तेच नाही. फ्रेमवाल्यानं सुस्कारा सोडून बदामांचा निरोप घेतला.

चौथं दिसायला एकदम कळाहीन. राखाडी, कचेरीच्या भिंतीसारखं. नक्षी नाही, बदाम नाही. पण चित्राखाली काळी पट्टी यायची, तिच्यावर ठसठशीत अक्षरं उमटायची, आणि अक्षरं कधी यावीत, कधी जावीत हे आपल्या हातात. शिवाय एक बारीक चौकोन होता, त्यावर खूण केली की चकती कुणाला काही न विचारता थेट सुरू होणार. जन्मभर नक्षीदार पट्ट्या विकलेल्या माणसानं पहिल्यांदाच साधी चौकट निवडली. पहिल्या काही चकत्या वाया गेल्याच. यानं नुसती फाईल उचलून चकतीवर टाकली होती. ती कॉम्प्युटरला कळायची, टीव्हीखालच्या मशीनला नाही. त्या चकत्या बायकोनं गॅलरीत दोरीला बांधल्या, कबुतरं तरी यायची थांबली.

मग ऐकणं सुरू झालं. अक्षरं लिहायची तर प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य ऐकायला हवं. आणि ऐकलं तर काय, म्हातारीच्या पुढ्यात बसून सगळी भिंतीपुढं बोलावं तशी बोलत होती. मेहुणी म्हणत होती, "आईचे नवे पडदे बघितलेस? दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." साडू तोंडात घास घेऊन म्हणत होता, "या शंभरी गाठणार बघा, आणि आपण सगळे आधी जाणार." आणि मग कॅमेऱ्यामागून खुद्द याचा आवाज, चांगला खणखणीत: "या घरात दोन गोष्टी आजवर ऐकू आलेल्या नाहीत. सासूबाईंना दारावरची घंटा, आणि आपल्याला सासूबाईंच्या तोंडून 'माझं चुकलं'!" त्यावर हास्याचा नुसता स्फोट. आणि मधोमध सासूबाई, एकेकाच्या तोंडाकडं बघत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसताना.

बातमी फुटली, तसे एकेक जण दुकानात यायला लागले.

"भावजी," मेहुणी म्हणाली, "ते पडद्यांचं तेवढं गाळा हं. पडदे छान आहेत असं लिहा."

साडूचा फोन आला. "माझ्या वेळी आवाज नीट आलेला नाही, असं लिहून टाका की."

"आलाय. घास चावल्याचासुद्धा आलाय."

बायको मात्र वेगळंच बोलली. "दुसऱ्यांचं राहू द्या. तुम्ही स्वतःचं काय लिहिणार, ते सांगा. जावई म्हणून आई तुम्हाला अजून पाटावरून खाली उतरवत नाही. हे वाचलं तर?"

त्यानं जे जन्मभर केलं तेच केलं, चौकट बोटभर आत घेतली. पडदे छान झाले. साडूनं दीर्घायुष्य चिंतलं. आणि स्वतःच्या आवाजाखाली त्यानं लिहिलं: "आज जेवण फार छान झालंय."

रविवारी दुपारी दोघं नवराबायको चकती घेऊन गेले. सासूबाईंनी चष्मा पुसला, चकती स्वतः सरकवली. चकती आपसूक सुरू झाली. याचा जीव भांड्यात पडला. सासूबाई ओठ हलवत अक्षरं वाचत होत्या, मान डोलावत होत्या. मग ती जागा आली. खाली ठळक अक्षरांत "आज जेवण फार छान झालंय", आणि वर सगळं कुटुंब पोट धरून लोळतंय. साडूला ठसका लागलाय, मेहुणी टेबलावर थापा मारतेय.

सासूबाईंनी रिमोटचं एकच बटण ओळखीचं ठेवलं होतं, थांबवायचं. ते दाबलं.

"यावर हसलात?"

फ्रेमवाल्यानं मिशीवरून हात फिरवला.

"जेवण छान झालंय, यावर?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "इतकं वाईट झालं होतं? पहाटेपासून उभी होते मी." त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. जावई घरात बसलेला आणि चुलीवर चहाचं आधण नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं.

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. "झाकलंत ना छान?"

तो आत गेला, हात हलवून नाही-नाही करू लागला. शेवटी त्यानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायला सुरुवात केली. "दारावरची घंटा!" शेजारणीनं दार उघडून बघितलं, घंटा कुणी वाजवली म्हणून. सासूबाईंनी त्याचं तोंड हातानं बाजूला केलं. "ओरडू नका. त्या चित्राखालीच लिहून आणा. खरं असेल ते."

घरी येऊन त्यानं पुन्हा राखाडी सॉफ्टवेअर उघडलं. पडदे पुन्हा दवाखान्याचे झाले. साडूचा घास होता तिथं परत आला. मग स्वतःचं वाक्य आलं. फारतर काय, पाट गेला. पण त्या बाईनं न कळलेल्या विनोदाला डोळ्यांत पाणी आणून हसायचं आणि वर आपल्या हातचं जेवण नासलं असं समजून बसायचं, हे त्याला गिळवेना. त्यानं शब्दनशब्द लिहिला. त्या सावकाश वाचतात म्हणून अक्षरं आवाजाच्या जरा आधी आणली आणि जरा जास्त वेळ ठेवली.

"तुमचं तुम्ही निस्तरा," असं बायको म्हणाल्यामुळं या वेळी तो एकटाच गेला. सासूबाई खुर्चीत, हा दाराजवळच्या स्टुलावर, चपला चटकन घालता येतील इतक्या अंतरावर.

पडद्यांपाशी त्यांनी नाक मुरडलं. "हिनं स्वतःच्या घराचे बघितलेत का कधी?" शंभरीपाशी त्यांनी टीव्हीतल्या साडूला बोट दाखवलं. "गाठणारच." आणि मग ती काळी पट्टी आली. फ्रेमवाल्यानं टीव्हीकडं बघणं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ओठ हलले. घंटेपाशी थांबले. पुढं सरकले.

त्या हसल्या. टीव्हीतली माणसं अजून घास चावत होती, त्यांच्याही आधी हसल्या. मग तीही हसायला लागली आणि आतल्या सासूबाई आणि बाहेरच्या सासूबाई बरोबरीनं पदर डोळ्यांना लावू लागल्या. त्यांनी चकती थांबवली.

"घंटेचं खरं आहे, जावईबापू. दुसरं मात्र साफ खोटं."

यानं टीव्हीवर पडलेल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर भराभर लिहिलं, "मग म्हणा की एकदा!" आणि पुढं केलं.

सासूबाईंनी ते नीट वाचलं. मग कानामागं हात धरून म्हणाल्या, "काय म्हणताय? मला ऐकू येत नाही."

आणि चहा टाकायला उठता उठता त्यांनी बजावलं, "चकती हलवू नका. ते शंभरीवाले जावईबापू नंबर दोन अजून पुढं बरंच काही बोललेत ना, ते मला चहाबरोबर वाचायचंय."