दारातला वाटा

अर्नाळ्यात आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्या घरचा पुरुष समुद्रावर गेला आणि अडकला, त्या घराच्या दारात परतलेल्या बोटीवाल्यांनी मूठभर म्हावरं ठेवायचं. हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही. घेणाऱ्या बाईला कोणाचे उपकार हे कळू नये, म्हणून केळीच्या पानावर ठेवून निघून जायचं. आम्ही त्याला दारातला वाटा म्हणतो.

बाबा गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होते. हद्द ओलांडली म्हणून बोट पकडली गेली आणि ते कराचीच्या तुरुंगात गेले, तेव्हापासून आमच्या दारात वाटा येऊ लागला. कधी बोंबील, कधी मांदेली, एकदा घोळीचा चांगला जाड तुकडा. आई उधारीवर घेतलेली मासळी विरारच्या बाजारात विकायला बसायची, पण दारातलं तिने कधी पाटीत घातलं नाही. ते घरातच शिजायचं.

मग अशा कैदी मच्छीमारांच्या कुटुंबांना सरकारी मदत जाहीर झाली. मी ग्रंथालयात काम करते. तो निर्णय मी तिथे बसून दोनदा वाचला. मराठी चांगली होती.

चंदनसारला मंडपात कार्यक्रम झाला. आई ठेवणीतली साडी नेसून व्यासपीठावर गेली. तिच्या हातात पुठ्ठ्याचा भलामोठा चेक दिला, फोटो काढले. खाली उतरताच एका कार्यकर्त्याने तो काढून घेतला.

"मावशी, हा इथंच ठेवायचा. पुढच्या गावाला लागतो."

"येवढा मोठा मी तरी कुठं ठेवनार होते?" आई म्हणाली, आणि आजूबाजूचे हसले.

फोटो गल्लीतल्या प्रत्येक फोनवर पोचला. त्या आठवड्यापासून आमचं दार रिकामं राहिलं. शेजारची काकू नळावर म्हणाली, "तुझं बरं झालं गो. आता सरकार पोसतंय तुला."

"हां," आई एवढंच म्हणाली.

पैसे आलेच नव्हते. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सांगून टाक, असं मी आईला म्हटलं.

"फोटोत हसलेय मी, बाय. आता नाय आले बोलले तर बोलतील, म्हावऱ्यासाठी खोटं बोलते."

मग मीच मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊ लागले. टेबलापलीकडचे साहेब सभ्य होते. दर वेळी बसायला सांगत, चहा विचारत. "तुमचे वडील तिकडे तुरुंगात आहेत याचा पुरावा दिल्लीहून आला, की लगेच करू."

"मंडपात बोलावलंत तेव्हा कुठला पुरावा होता?"

"मॅडम, तो कार्यक्रम होता."

मला आवाज चढवता येत नाही. त्या दिवशी चढवता यावा असं फार वाटलं. कोणी उद्धट वागलं असतं तर निदान भांडता आलं असतं. हे लोक खुर्ची पुढे करत होते, आणि घरी आई चुलीवर भात आणि नुसतं कोकमाचं पाणी उकळत होती, गल्लीभर तळणाचा वास सुटलेला असताना.

बाबा तिकडेच गेले. त्याच बोटीवरचा एक खलाशी सुटून आला, त्याने सांगितलं की तापाने गेले. पुष्कळ दिवसांनी पेटी आली. आईने पेटीच्या लाकडावर हात ठेवला, आतलं पाहू दिलं नाही कोणी.

तेरावं झाल्यावर मी मृत्यूचा कागद घेऊन कार्यालयात गेले. तेच साहेब होते. त्यांनी कागद वाचला, आवाज खाली आणला. "वाईट झालं. पण आता ही मदत बंद करावी लागेल."

बाबा तुरुंगात होते हे मान्य करणारा पहिला कागद त्यांच्या मरणाचा होता. जे कधी सुरूच झालं नाही, ते बंद करण्यासाठी त्यांनी माझी सही घेतली. मागचं काय, असं विचारलं. ते वर विचारावं लागेल, म्हणाले. चहा मी घेतला नाही.

घरी आले तर दारात केळीचं पान होतं. पानावर ताजे बोंबील. गल्लीला आमची पुन्हा आठवण झाली होती.

आई उंबऱ्यात बसून पानाकडे पाहत होती. साहेब काय म्हणाले ते मी सांगितलं. ती उठली, पान उचललं आणि चार घरं सोडून असलेल्या दाराशी गेली. तिथे एक तरुण बाई राहते. तिचा नवरा बाबांच्याच बोटीवर होता, तो अजून तिकडे आहे. मंडपात तिचाही फोटो निघाला होता.

आईने भर दुपारी, सगळ्यांसमोर, जोरात कडी वाजवली. ओट्यावर मासळी साफ करणारी काकू हातातली कोयती धरून बघत राहिली.

"हिच्याकडं सरकारचं काय आलं नाय," आई म्हणाली. "माझ्याकडं पन कधी आलं नव्हतं. त्यांनी फोटो काढला न् तुम्ही वाटा बंद केला."

"मग बोलली का नाय गो?" काकू म्हणाली.

"तुम्ही तरी इचारलं?"

दार उघडलं. आईने पान खाली ठेवलं नाही. त्या पोरीच्या हातात दिलं.