शेवटच्या थांब्यावरचा पहिला ठिपका

आमच्या टाल्लिन शहरात बस फुकट झाली आणि आमच्या म्हाताऱ्यांनी यंत्राला कार्ड लावणंच सोडलं. पैसेच कापले जात नाहीत, तर उगाच टिकटिक कशाला? मी ड्रायव्हर, मीही कुणाला हटकलं नाही. माझं चुकलंच.

मर्ले वाहतूक कचेरीत होती. फेऱ्या कमी केल्या तर लोक बसने येतील की मोटारी काढतील, याचं गणित ती संगणकावर मांडायची. पडद्यावर कार्ड लावणारा प्रत्येक प्रवासी म्हणजे एक हिरवा ठिपका. "डोळे मिटले तरी तरंगतात मेले," असं म्हणून ती खिडकीबाहेरच्या धुक्यात हरवून जायची.

तिच्या गणितात आमचा शेवटचा थांबा रिकामा निघाला, म्हणजे वसंतात मार्ग बंद. आणि त्याच थांब्यावरून तिचे वडील हेइनो रोज सव्वानऊला चढायचे, बायकोच्या कबरीवर जायला.

एका सकाळी मर्ले स्वतःच माझ्या बसमध्ये आली आणि मागे बसली. समुद्राकडच्या धुक्यातून एकेक माणूस उगवत होता, चढत होता. अकरा जण झाले. कार्ड कुणीही लावलं नाही.

"बाबा, कार्ड लावा ना."

"का? मी काय चोर आहे?"

"तुम्ही माझ्या पडद्यावर दिसत नाही."

"इथे ढळढळीत बसलोय, ते दिसत नाही होय?"

"ही बस गेली तर आईकडे कसे जाल?"

म्हाताऱ्याने उठून कार्ड लावलं आणि बाकीच्यांकडे अशा नजरेने पाहिलं की सगळे मुकाट उठले.

तेव्हापासून हेइनो पहिले चढायचे आणि दारात उभे राहून एकेकाला दटावायचे. तिकडे मर्लेच्या पडद्यावर सव्वानऊला पहिला ठिपका उजळायचा, मग ती कॉफी ओतून घ्यायची. मला तो कटकट्या म्हातारा फार आवडायचा, सांगून टाकतो.

फेब्रुवारीत एके दिवशी तो थांब्यावर नव्हता. मी पाच मिनिटं बस धरून ठेवली. तिकडे पहिला ठिपका उशिरा उजळला, आणि फोन वाजायच्या आधीच मर्लेने कोट चढवला होता.

मार्ग वाचला. आता मर्ले दर रविवारी याच बसने आई-बाबा दोघांच्या कबरीवर जाते. परवा म्हणाली, "गणित अजून त्याच हिवाळ्याच्या आकड्यांवर चालतं. त्यात बाबा रोज सव्वानऊला चढतात."

"मग नवे आकडे कधी भरणार?"

"भरेन की. घाई काय आहे?"

मीही त्या थांब्यावर दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवतो.