पापलेटांचा बर्फ

पेशी एकमेकींना निरोप कसे देतात आणि तो निरोप बिघडला की कर्करोग कसा होतो, यावर मी वीस वर्षं काम करतोय. आईच्या मते मी पेशींच्या चहाड्या ऐकतो.

त्या सकाळी भिवंडीतल्या एका लूम कामगाराच्या गालातली गाठ काढली आणि तिचा तुकडा मला मिळाला. तो कोरड्या बर्फात मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. वितळला तर त्यातले निरोप पुसले जाणार. वाटेत आईला ठाण्याला आत्याकडे सोडायचं होतं, म्हणून मी मोठेपणा मिरवत त्याच बर्फाचे मोठे तुकडे तिनं आत्यासाठी घेतलेल्या पापलेटांच्या खोक्यात टाकले.

कशेळीला कंटेनर आडवा झाला आणि आमची गाडी अडकली. मी काळजीनं दर दहा मिनिटांनी माझा खोका उघडून बघत होतो. तासाभरात बर्फाचे खडूएवढे चार तुकडे उरले, तेव्हा कळलं की थंडी मीच बाहेर सोडतोय.

"घाम कनाला फुटलाय?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"मंग माझा बर्फ घे ना!"

"आणि आत्याची पापलेटं?"

"मासली उद्या पन मिलंल. त्या मानसाचा गाल परत कापनार हाय का?"

मी हातमोजे चढवून तिचा बर्फ माझ्या खोक्यात भरला. आईनं तो खोका मांडीवर घेतला आणि झाकणावर हात ठेवून बसली. मला हात लावू दिला नाही.

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा तुकडा दगडासारखा घट्ट होता. आत्याकडे मात्र अंड्याचं कालवण झालं, आणि ते अजून ऐकवलं जातं.