बोर्ड लॅपटॉपला दिसेना

मी हट्टी आहे. हट्टी माणसाला वाटतं की चूक असलीच तर ती अवघड जागीच असणार. त्या उन्हाळ्यात मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत गोंदियाहून दरेकशाजवळच्या आमच्या टोल्यावर, छोट्याशा वस्तीवर, आले, ती मायक्रोकंट्रोलरचा एक छोटा बोर्ड आणि मैत्रिणीचा जुना लॅपटॉप घेऊन. उन्हाळी धान पोटरीत आलं होतं आणि रानडुकरं बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तुडवत होती. बाबा दरवर्षी करायचे तेच करणार होते. बांधीभोवती उघडी तार, आणि तिच्यात मोटरपंपाच्या लाईनचा करंट. आमच्याकडे हे सगळेच करतात आणि बाहेरच्यांना आपण करत नाही असं सगळेच सांगतात.

मला काळजी मावशीची वाटायची. आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोहाचं झाड आहे. झाड आमचं, फुलं शेजारच्या गोंड घरची, ही बोली आजोबांच्या वेळची. त्या घरच्या बाईला मी मावशी म्हणायची. मोह गळायला लागला की ती पहाटे पाचला टोपली घेऊन यायची. त्याआधी चारला उठून बाबा तार काढून ठेवत. मोबाईलचा गजर लावून उठत, आणि कधी चुकले नव्हते. पण एका गजरावर कोणाचा जीव टांगलेला असावा, हे मला सहनच होत नसे.

"यंदा तार नाही लावायची," मी बजावलं. जनावर जवळ आलं की भोंगा वाजेल आणि दिवा लागेल, असं यंत्र मी करणार होते. सेन्सर, भोंगा, मोटारसायकलची जुनी बॅटरी, सगळं जमवलं होतं. प्रोग्राम लिहून तयार होता. आता बोर्ड लॅपटॉपला जोडायचा, प्रोग्राम आत टाकायचा, की काम फत्ते.

बाबा म्हणाले, "दहा दिवस देतो. मंग माह्यावाला इलाज."

बोर्डासोबत वायर आली नव्हती. बाबांच्या चार्जरची वायर, कचारगडच्या जत्रेत स्वस्तात घेतलेली, त्यात अगदी फिट बसली. लॅपटॉपला लावली तशी बोर्डावर लाल दिवा लागला. मी आईला हाक मारून तो दाखवलासुद्धा. पण लॅपटॉपवर जोडलेल्या वस्तूंची यादी येते, तिच्यात बोर्ड काही दिसेना.

आमच्या घरात बल्ब असो, मोटर असो, नियम एकच. बत्ती लागली म्हणजे वायर चांगली. म्हणून वायरवर मी क्षणभरही संशय घेतला नाही. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉपला बोर्ड ओळखायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, असं ठरवून टाकलं. टोल्यावर रेंज नाही. मी तीन वेळा दरेकसा स्टेशनच्या फलाटावर बसून वेगवेगळे ड्रायव्हर उतरवले. समोरून मालगाड्या जात होत्या आणि डाऊनलोड मध्येच तुटत होतं. शेवटी अख्खा लॅपटॉप पुसून नव्याने भरला. दिवा लागायचा, यादी रिकामी.

"लाल बत्ती तं लागून रायली. मंग काऊन नाई होत?" बाबा विचारायचे. मला उत्तर येत नसलं की मी चिडते. मी चिडायची. बाबा रोज सांजेला वायर मागून नेत, मोबाईल चार्ज करत आणि परत आणून देत.

दहावा दिवस उजाडला आणि मावळायला आला. बाबांनी तार अंथरली. मग रीतीप्रमाणे ते टोल्यात घरोघर तार लावल्याचं सांगायला निघाले. मीही मागे गेले, शरमेने. मावशी अंगणात मोह वाळवत होती.

"चारले काढता ना भाऊ? मंग झालं," ती म्हणाली आणि मोह चाळत राहिली.

घरी येऊन मी पुन्हा लॅपटॉपला चिकटले. बाबा दारात उभे राहिले. "वायर दे वो. मोबाईल मरून रायला."

"थांबा ना बाबा! आता होईलच," मी खेकसले. त्यांनी पुन्हा मागितली नाही. ती वायर तशीच बोर्डाला राहिली आणि माझा डोळा लागला.

सकाळी जाग आली ती ओरडण्याने. बाबा अनवाणीच धावत सुटले. मावशी धुऱ्यावर पडली होती, झाडापर्यंत पोचलीही नव्हती. टोपली रिकामीच होती. मावशी मेली होती आणि तारेत अजून करंट होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा बाबा एवढंच बोलले, "झोप लागून गेली साहेब." मोबाईल बंद पडला होता हे त्यांनी सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तसे ते माझ्यावर ओरडले, "तू घरात जाय."

सुट्टी संपल्यावर मी बोर्ड सरांपुढे ठेवला. त्यांनी काही न विचारता ड्रॉवरमधून दुसरी वायर काढून जोडली. एका सेकंदात यादीत बोर्ड दिसला. माझी वायर हातात घेऊन सर हसले. "अगं, ही फक्त चार्जिंगची. हिच्यात करंट जातो, माहिती जात नाही. सगळेच फसतात."

बाबा जामिनावर सुटून आले तोवर यंत्र बांधीवर लागलं होतं. त्यांनी सेन्सरपुढे हात धरला. भोंगा वाजला.

"काय बिघडलं होतं याचं?"

मी खरं सांगितलं. "वायर. ती फक्त मोबाईल चार्ज करायच्याच कामाची होती."

बाबा धुऱ्यावर बसले. मग म्हणाले, "हे तुह्या मायले सांगू नोको. मले झोप लागली होती. बस."

कोर्टाची तारीख पडते तेव्हा मी त्यांच्यासोबत जाते. मावशीचा नवरा पलीकडच्या बाकावर असतो. बाबा प्रत्येकाला झोप लागल्याचंच सांगतात, आणि मी मागे बसून ऐकून घेते.