कांद्याच्या मुळाचं टोक

मी खोटं बोलले होते. जिला ते सांगायचं होतं, ती काल गेली.

सकाळपासून चार वेळा ही पोस्ट लिहिली आणि डिलीट केली. नवरा म्हणतो, जरा एका जागी बस. बसवतच नाहीये.

नसरीन. एफवायबीएस्सीला माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर असायची. वडील मालेगावला लूमवर, ही नाशिक रोडला मामूंकडे. मी विंचूरची, म्हणून प्रॅक्टिकलचे कांदे आणायचं काम कायम माझ्या गळ्यात.

परीक्षेतही कांदाच आला. मुळाचं टोक रंगवायचं, काचेवर दाबायचं, आणि एका पेशीच्या दोन होताना बघायच्या. सगळ्यांना एकाच बाटलीतली मुळं दिली होती.

मी डोळा लावला. नुसत्या लांबट चौकटी. फोकस फिरवून फिरवून बोटं दुखली, पण एकही पेशी विभागत नव्हती.

मग मी पेशी विभागण्याच्या चारही टप्प्यांच्या पाठ असलेल्या आकृत्या काढल्या. सुबक, लेबलं एका रेषेत. सगळ्या बॅचने तेच केलं.

नसरीनने लांबट चौकटी काढल्या. खाली लिहिलं: विभागणारी पेशी दिसली नाही. मुळाचं टोक आधीच तुटलं असावं. दुसरं मूळ मिळाल्यास पुन्हा बघेन.

बाहेरून आलेल्या एक्झामिनरनी तिचा पेपर वाचला आणि माझ्याकडे वळले.

"तुम्हाला दिसलं?"

"हो सर."

माझ्या मायक्रोस्कोपमध्ये त्यांनी डोकावलंसुद्धा नाही.

कॅन्टीनमध्ये तिने विचारलं, "सच बोल, तुला दिसलं होतं?"

मी परत हो म्हणाले. आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मला हेच आजही टोचतं.

दोन दिवसांनी ती डोळे तपासून आली. खरंच जाऊन आली. माझ्या शब्दाखातर आधी स्वतःच्या नजरेवर शंका घेतली.

"डॉक्टर बोले, नजर एकदम ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणजे कारण दुसरं असणार."

माझ्याकडे बघितलं. मग तिच्या प्लेटमधला अर्धा वडा माझ्या प्लेटमध्ये ठेवला. तो विषय तिने पुन्हा कधीच काढला नाही.

पुढे मार्कांवर बॉटनीला प्रवेश मिळालेल्यांच्या लिस्टमध्ये शेवटचं नाव माझं लागलं. वेटिंगवर पहिलं तिचं होतं. तिला झूलॉजी घ्यावं लागलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

मग इतकी वर्षं. तिच्याकडचा शीरखुर्मा, माझ्याकडचा फराळ. माझ्या बाळंतपणात ही बया रोज डबा घेऊन हजर. दर वेळी ठरवायचे, आज सांगून टाकते. दर वेळी जीभ रेटायची नाही.

काल तिच्या घरी बायकांमध्ये बसले होते. शेजारी तिची एक विद्यार्थिनी रडत होती. नसरीन अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवायची ना. ती पोरगी सांगत होती, की मॅडम पहिल्या प्रॅक्टिकलला मुद्दाम टोक नसलेलं मूळ द्यायच्या. सगळे पुस्तकातल्या आकृत्या काढायचे.

मी विचारलं, मग रागवायच्या का?

"नाही. म्हणायच्या, माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीनेही हेच केलं होतं. अजून वेळ आहे, खोडा आणि जे दिसलं ते लिहा."

सर्वांत जवळची मैत्रीण.

मी उठून बाहेर आले. चप्पलसुद्धा दुसऱ्याच कुणाची तरी घातली.

तिला माहीत होतं. ती माझ्या खोडण्याची वाट बघत होती, आणि मी फराळाचे डबे भरत बसले.

नसरीन, खोडतेय गं. सगळ्यांसमोर.

एकही पेशी दिसली नव्हती. तुझी नजर ठीक होती.

खुदा हाफिज, माझे बाई.