प्लेटवरचे हजार

"तुला आकडा काढायला सांगितलाय. टाकायला न्हाई."

सर असं म्हणाले आणि अख्खं वर्कशॉप हसलं. लातूरची आयटीआय, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, एकवीस पोरं आणि मी एकटी पोरगी. फळ्यावर गणित होतं. व्होल्टेज दोनशे तीस, करंट पाच अँपिअर. रोध किती, पॉवर किती? मी भागाकार करून शेहेचाळीस ओहम लिहिलं होतं. गुणाकार करून साडेअकराशे वॅट. दोन्ही बरोबर होतं. तरी हसले.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना आडनाव विचारलं होतं, मग गाव. मला तिसरंही विचारलं. "गावात कुठं?" मी म्हटलं, भीमनगर. तेवढ्यात त्यांचं मला मोजून झालं.

आणि त्या दिवशी फळ्यापाशी मीही हसले. हे सांगायला आजही जड जातं. खडू हातात, तोंडावर हसू. हसलं की आपण त्यांच्यातले होतो, असं वाटलं असंल मला. झालं काहीच न्हाई.

वरच्या तारेवर वायरचा हूक अडकवून वीज घ्यायची, त्याला आमच्याकडं आकडा म्हणतात. होता आमच्या घरावर आकडा. खोटं कशाला बोलू? रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव. खांब गावठाणाच्या शेवटच्या घरापाशी येऊन थांबलेले, भीमनगरच्या अलीकडंच. बापानं वीज मंडळात मीटरसाठी अर्ज दिला, तर खांब न्हाई म्हणून मीटर न्हाई. खांब का न्हाई विचारलं, तर तुमच्याकडं मीटर कुठं हायत म्हणाले. मग बापानं बांबू घेतला. गावातल्या बड्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारीही तशाच तारेवरून चालायच्या, पण त्याला कुणी आकडा म्हणायचं न्हाई. त्याला म्हणायचे, डायरेक्ट घेतलंय. चोरी एकच, पण शब्द दोन होते.

गावाच्या मोटारी चालू झाल्या की आमचा बल्ब टमाट्यासारखा लाल व्हायचा. त्या लाल उजेडात मी दहावी केली.

प्रॅक्टिकल जोडीनं करायचं असतं. एकानं मोजायचा मीटर धरायचा, दुसऱ्यानं रीडिंग लिहायचं. माझ्याबरोबर कुणी उभं राहिलं न्हाई. दोन हातांत मीटरच्या दोन पिना, पेन्सिल दातात. रीडिंग तोंडानं पुटपुटत पाठ करायचं आणि पिना ठेवून लिहायचं. वर्षभर त्या वर्कशॉपमधे माझ्याशी जास्त बोलणारी मीच होते. डबाही मी पाण्याच्या टाकीपाशी एकटीच खायचे. सवय होते म्हणतात. मला न्हाई झाली.

वर्ष संपत आलं. शेवटचं प्रॅक्टिकल विजेच्या शेगडीचं. जर्नलवर सरांची सही झाली तरच परीक्षेला बसता येणार होतं. न्हाई तर वर्ष गेलं, आणि घरी आईनं दोन स्थळं बघून ठेवलेली.

शेगडीला कंपनीनं ठोकलेल्या प्लेटवर लिहिलं होतं, २३० व्होल्ट, १००० वॅट. पोरांनी काय केलं, प्लेट वाचली आणि गणित उलटं बसवलं. सगळ्यांच्या जर्नलमधे हजार. मीटर कुणी लावलाच न्हाई.

मी लावला. भर उन्हाळ्याची दुपार होती, शहरभर कूलर चालू. व्होल्टेज दोनशेच आलं. करंट तीन पूर्णांक आठ. मी पुन्हा मोजलं, तेच. रोध साडेबावन्नच्या वर थोडा. पॉवर सातशे साठ. मला नवल वाटलं न्हाई. व्होल्टेज पडलं की पॉवर पडती, हे मला पुस्तकानं शिकवलं नव्हतं. आमच्या लाल बल्बानं शिकवलं होतं.

सरांनी माझं पान बघितलं. "हे काय? प्लेटवर हजार हाय, दिसत न्हाई का?"

"दिसतंय, सर."

"मग खोड आणि हजार लिही. सही करतो."

लाल पेन त्यांनी उघडून धरलेला. माझ्या हातात खोडरबर. एवढंच करायचं होतं. स्थळं, वर्ष, बापाची मजुरी, सगळं डोळ्यापुढं आलं. पण त्या प्लेटकडं बघता बघता मला तो पहिला दिवस आठवला. गावात कुठं? यांनी मलाही असंच वाचलं होतं. मीटर न लावता.

मी म्हणाले, "प्लेटवर काय लिहिलंय ते मी मोजलं न्हाई, सर. आलं ते लिहिलंय. तुम्ही मोजून बघा."

मीटर त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी हात लावला न्हाई. पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बस मग घरी."

बसले. एक वर्ष घरी बसले, खुरपायला गेले, दोन्ही स्थळांना नको म्हटलं. आई महिनाभर माझ्याशी बोलली न्हाई. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली, मी जर्नल घेऊन परत गेले. नव्या मॅडमनी माझ्यापुढंच शेगडी लावली, मोजलं, रोध तेवढाच आला आणि त्यांनी त्याच पानावर सही केली. सातशे साठवर. खोडलेलं काहीच नव्हतं.

आता नांदेडला एका कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करते. खोली भाड्याची, जेवायला एकटीच. गेल्या आठवड्यात नवे सुपरवायझर आले. आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "गावात कुठं?"

मी हातातला मीटर खाली ठेवला न्हाई. "जिथं तुम्ही लोकांनी खांब आणला न्हाई तिथं," म्हटलं. दोघं-तिघं हसले. मी हसले न्हाई. एकदा हसले होते, ते पुरे झालं. इथून पुढं माझं माप ज्याला सांगायचं असंल, त्यानं आधी मीटर लावायचा. प्लेट वाचणाऱ्याचा आकडा मी मान्य करणार न्हाई.